सोळा आण्यांत अठरा

तंत्रज्ञानाच्या गाडीत मी आजवर प्रत्येक वेळी चढलो, पण ती डेपोत परत निघाल्यावर. जळगावात ज्या वर्षी सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, नेमका त्याच वर्षी मी एसटीडी बूथ टाकला. केबिनचा पिवळा रंग वाळायच्या आत लोक बूथच्या सावलीत उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर बोलू लागले. पुढे सायबर कॅफे काढला. आठ संगणक, आठ फिरत्या खुर्च्या. मग फोनमध्येच इंटरनेट स्वस्त झालं आणि माझ्या खुर्च्या एका दातांच्या डॉक्टरने अर्ध्या किमतीत नेल्या. वडिलांनी घालून दिलेलं पाइप-फिटिंगचं दुकान तेवढं टिकलं, कारण त्यात मी काही सुधारणा केली नाही.

त्यामुळे धुळ्याची एक मुलगी दुकानात येऊन पाइपच्या गुंडाळीवर बसली आणि म्हणाली, ‘काका, मी एक ॲप बनवतेय,’ तेव्हा मी मनाशी ठरवलं की या वेळी आपण पहिले असायचं. ती इंजिनिअर. पुण्याची नोकरी सोडून दोन वर्गमित्रांबरोबर धुळ्याला परत आली होती. माझ्याकडे येण्याचं कारण इतकंच, की केळीवाले शेतकरी ठिबक सिंचनाचा माल माझ्याकडून नेतात आणि तिला त्यांचे नंबर हवे होते.

‘बाग कापणीला आली की शेतकरी काय करतो?’ तिने विचारलं.

‘व्यापाऱ्याला फोन करतो.’

‘आणि व्यापारी?’

‘उद्या येतो म्हणतो.’

‘आणि उद्या?’

‘परवा येतो म्हणतो.’

‘तेवढ्यात घड झाडावर पिकायला लागतात आणि मग तो म्हणेल तो भाव. बरोबर?’ ती म्हणाली. ‘मला ते परवा बंद करायचंय.’

शेतकऱ्याने बागेचे फोटो टाकायचे, चार व्यापाऱ्यांनी भाव सांगायचे, कापणीची टोळी आणि गाडी तिथेच ठरायची. मला ते पटलं. गोदामाच्या बांधकामासाठी ठेवलेली ठेव मोडून मी तिला पहिला चेक दिला. अशा माणसाला एंजल म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. ‘एंजल म्हणजे देवदूत,’ असं मी घरी जाहीर केल्यावर बायको म्हणाली, ‘मग पंख आवरा आणि गॅस सिलिंडर आत आणा.’

बदल्यात मला कंपनीचे शंभरातले आठ हिस्से मिळाले आणि एकतीस पानांचा करार. त्यातलं ज्या पानावर माझं नाव होतं ते मी दोनदा वाचलं. बाकीची तीस पानं विश्वासावर सोडली.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. खान्देशात चांगला धंदा एकट्याने करत नाहीत. कापसाची जिनिंग असो की गावाबाहेरचा प्लॉट, रुपयाचे सोळा आणे धरायचे आणि पाहुण्यांत वाटायचे. मेव्हण्याचे दोन आणे, चुलत्याचा एक, मित्राचा अर्धा. एकटा खाणाऱ्याच्या घरी लोक लग्नाला जेवायला येतात, पण त्याच्याजवळ कुणी बसत नाही.

धरणगावला एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्याने विचारलं, ‘काय नवीन?’ मी म्हणालो, ‘काही नाही, आमची एक मोबाइलची कंपनी आहे.’ भरीत वाढेपर्यंत तीन भागीदार झाले होते, मठ्ठा येईपर्यंत सात. बाकीचे फोनवर झाले. प्रत्येकाला मी आवाज खाली आणून सांगत असे, ‘फक्त तुला सांगतोय.’ माझ्या आठ हिश्शांचा एक रुपया धरला आणि आणे वाटले. ज्या भावात मी घेतले त्याच भावात दिले, वर दमडी घेतली नाही. या सगळ्या प्रकरणात मी नीट केलेली तेवढी एकच गोष्ट. त्या पैशांत गोदामही झालं. मी स्वतःवर फार खूश होतो.

दोन वर्षांत मुलीचं काम वाढलं. रावेर-यावलकडचे शेतकरी तिचं ॲप वापरू लागले, कचेरीत वीस माणसं झाली, आणि बंगळुरूचा एक मोठा गुंतवणूक फंड तिच्या कंपनीत पैसे घालायला तयार झाला. त्याआधी त्यांच्या वकीलबाई प्रत्येक हिस्सेदाराशी व्हिडिओवर बोलणार होत्या. मी माझ्या लेकीच्या लग्नातला कोट घालून, मागे देव्हारा दिसेल असा बसलो.

वकीलबाई मराठी निघाल्या. म्हणाल्या, ‘सर, एकच प्रश्न. हे आठ टक्के पूर्णपणे तुमचेच आहेत ना?’

शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘एकट्याचे कसे, मॅडम? अख्खं गणगोत आहे तुमच्या पाठीशी. एकवीस घरं!’

पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं रेंज गेली. ‘ऐकू येतंय का?’

‘येतंय,’ त्या म्हणाल्या. ‘लिहून घेतेय.’

त्याच दुपारी मुलगी धुळ्याहून गाडी घेऊन आली. आल्या आल्या तिने माझ्यासमोर कराराचं एकोणिसावं पान उघडून ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय मी माझा हिस्सा कुणाला द्यायचा नाही, विकायचा नाही, देतो असं कबूलही करायचं नाही. हे तिन्ही मी एकवीस वेळा केलं होतं.

‘उद्या यातला कुणीही उठून कंपनीवर दावा करू शकतो, असं त्यांचं म्हणणं आहे,’ ती म्हणाली. ‘तसं नाही, असं प्रत्येकाकडून लिहून आणायचं. बारा दिवस दिलेत. नाही जमलं तर ते जाणार.’

‘आणि ते गेले तर?’

‘माझ्याकडे दोन महिन्यांचे पगार आहेत. पुढे कुलूप. सहा मुलं पुणं सोडून माझ्या भरवशावर धुळ्याला आलीत, काका.’

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘बाकीचे बघू म्हणत होते तेव्हा पहिला चेक तुम्ही दिलात. म्हणून मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण हे मला निस्तरता येणार नाही. तुमची माणसं तुम्हालाच ठाऊक.’

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मुलगी गेल्यावर तिने विचारलं, ‘शेअर वाटलेत की तीळगूळ?’

पाइप-फिटिंगच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकलोय. गळती दिसली की नळ बंद करून पाना उचलायचा, गळतीकडे बघत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान नोकरांवर सोपवलं, वकिलाने करून दिलेल्या कागदाच्या पन्नास प्रती काढल्या आणि गाडी धुळ्याच्या दिशेने वळवली. कागद सोपा होता: आमचा व्यवहार या गृहस्थांशी आहे, कंपनीशी आमचा संबंध नाही, जे मागायचं ते यांच्याकडे मागू.

पहिले साडूभाऊ. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

‘एकवीस जण? तू तर म्हणाला होतास, फक्त तुला सांगतोय.’

‘सगळ्यांना फक्त त्यांनाच सांगितलं होतं.’

‘नालायक आहेस.’

‘आहे. सही करायची तिथे खूण केलीय.’

सही केली त्यांनी, पण पेन परत देईनात. घोटाळत राहिले. मग म्हणाले, ‘एक बारीकसं आहे. माझ्यातला अर्धा मी पुढे दिलाय.’

‘कुणाला?’

‘आमच्याकडे पूर्वी एक मास्तर भाड्याने राहायचे. आता शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला आश्रमशाळेत असतात. भला माणूस. म्हटलं, त्याचंही भलं होऊ दे.’

म्हणजे एकविसाचे बावीस झाले. साडूंना नालायक म्हणायचा हक्क मी आदल्याच मिनिटाला गमावून बसलो होतो, त्यामुळे मास्तरांचं नाव डायरीत लिहून घेतलं.

पुढचे चार दिवस मी खान्देश पालथा घातला. कुणी चहा पाजून शिव्या दिल्या, कुणी शिव्या देऊन चहा पाजला. मेहरूणचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ‘बसून बोलत नाही, साखर वाढलीय, चालत बोलू.’ मेहरूण तलावाला त्यांच्याबरोबर तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत त्यांनी माझी अक्कल काढली, दुसरीत माझ्या शिक्षकांची, तिसरीत दम लागल्यामुळे काही बोलले नाहीत आणि माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. सहाव्या दिवशी सकाळी माझ्या फाइलमध्ये चौदा सह्या होत्या. मी भडगावला चुलत बहिणीकडे निघालो.

ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिच्या सासऱ्यांची जिनिंगमध्ये भागीदारी होती. अंगणात शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, ‘ये भाऊ, बस. पानी पी. आन मंग सांग, बठ्ठा कितला जण शेतस?’

‘एकवीस. साडूचा धरून बावीस.’

‘कोनले कितला आना दिना, वाच.’

मी डायरी काढून वाचू लागलो. ती अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती. यादी संपली तरी अंगठा एका पेरावर तसाच.

‘अठरा व्हयनात.’

‘काय अठरा, अक्का?’

‘आना. तू रुपयाना अठरा आना वाटी बसना.’

मी पुन्हा बेरीज केली. मोबाइलवर केली. कागदावर केली. अठराच आले. माझ्या आठ हिश्शांतले सोळाच्या सोळा आणे मी वाटलेच होते, वर नसलेले दोन आणखी वाटले होते. म्हणजे ज्या कंपनीचा मी देवदूत होतो तिच्यात माझं स्वतःचं काहीच उरलं नव्हतं, उलट मीच दोन आणे लागत होतो.

अक्काने शेंगांची पाटी बाजूला सारली. ‘तू चोर नही शे भाऊ, येडा शे. चोर परवडना, तो हिसाब तरी बरोबर ठेवस. येडाना कागदवर सही कशी करू?’

‘अक्का, त्या पोरीची कंपनी बुडेल.’

‘म्हनीसन सांगस. कागद तुना नाववर नको. वहिनीना नाववर कर. मी आत्ते सही करस.’

वहिनी म्हणजे माझी बायको. गेली वीस वर्षं दुकानाची आवक-जावक तिच्या हातात आहे आणि तिची बेरीज चुकल्याचं कुणाला आठवत नाही. मला राग आला, पण अक्काचं चुकलं कुठे ते सापडेना. तिच्याच अंगणातून मुलीला फोन लावला आणि चाचरत विचारलं, की माझा सगळा हिस्सा कायदेशीर रीतीने काकूंच्या नावावर करता येईल का.

‘येईल! आजच करू,’ ती म्हणाली. इतक्या आनंदाने, की मला वाईटच वाटलं.

याचा अर्थ माझ्या नावाने आणलेल्या चौदा सह्या रद्दी झाल्या. सहा दिवस उरले, बावीस सह्या बाकी.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, दोन आण्यांसकट. तिने डायरी घेऊन सगळे आणे पुन्हा मोजले. मग विचारलं, ‘यात तुमचा स्वतःचा किती?’

‘शून्य.’

‘आणि सगळ्यात आधी पैसे लावले कुणी?’

‘मी.’

तिने डायरी मिटली. ‘दोन अटी. प्रत्येकाचा हिस्सा सारख्या प्रमाणात थोडा थोडा कमी करून अठराचे सोळा करायचे आणि तेवढे पैसे आपण परत द्यायचे. आणि बोलायचं मी. तुम्ही गाडी चालवायची.’

मग मी गाडी चालवली. प्रत्येक घरी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘यांनी तुम्हाला जे सांगितलं ते आधी विसरा.’ मग ती खरं काय ते सांगायची. एकूण किती माणसं, कुणाचा किती कमी होणार, पैसे बुडूही शकतात, पाच-सात वर्षं विचारायला यायचं नाही. मी मान हलवायचो. साडूभाऊंनी तिसऱ्या मिनिटाला सही केली. प्राध्यापकांनी तर तिला बसायला खुर्ची दिली आणि लिंबू सरबतही आणलं. मला मात्र आठवण करून दिली की चालणं सोडू नका.

एका घरी गृहस्थ म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही पहिल्यांदाच आला असता तर?’

‘पहिल्यांदा मला सांगितलंच नव्हतं ना, भाऊ. पंगतीत बायका वेगळ्या बसल्या होत्या.’

अकराव्या दिवशी एकवीस झाल्या. राहिले मास्तर. त्यांचा फोन सतत ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. बाराव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कागद पोचायला हवे होते. आम्ही पहाटेच निघालो. धुळ्यात साडूंकडून शाळेचा पत्ता घेतला, शिरपूर मागे टाकलं. पुढचा रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा, मग एक पूल पाण्याने खचलेला म्हणून बारा-पंधरा किलोमीटरचा वळसा, आणि वळशात एक टायर पंक्चर. पाना माझ्याकडे असतोच, पण जॅक दुकानात विसरला होता. एका ट्रॅक्टरवाल्याने मदत करीपर्यंत दुपार कलली. आश्रमशाळेत पोचलो तेव्हा चार वाजले होते.

‘मास्तर टेकडीवर गेलेत,’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘मुलांची माहिती ऑनलाइन भरायचीय. रेंज तिथेच येते.’

टेकडी चढायला अर्धा तास लागला. मला नाही, बायकोला. मला पाऊण लागला. वर एका खडकावर तिशी-पस्तिशीचे मास्तर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. साडूंचं नाव सांगताच उभे राहिले, चेहरा एकदम उजळला.

‘तुम्ही कंपनीचे लोक? आलात शेवटी! जागा बघायची का? मी दोन जागा काढून ठेवल्यात. ही एक, आणि शाळेमागची.’

‘कसली जागा?’ बायकोने विचारलं.

‘टॉवरची.’

साडूंनी त्यांना सांगितलं होतं, मोबाइलची कंपनी आहे. साडूंना मी तसंच सांगितलं होतं. आणि मास्तरांनी स्वतःच्या साठवणीतले पैसे घातले ते याच हिशोबाने, की आपण भागीदार असलो तर कंपनी आपल्या पाड्याकडे आधी बघेल. दोन वर्षं ते टॉवरची वाट बघत होते.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हे तुम्ही सांगा.’

म्हणून मी सांगितलं. टॉवर नाही, केळी. बाग, फोटो, भाव, गाडी. अख्ख्या बारा दिवसांत कंपनी काय करते हे मी पहिल्यांदाच कुणाला धड सांगत होतो, आणि ज्याच्याकडे केळीचं एक झाड नाही अशा माणसाला. ते ऐकत राहिले, मधेच लॅपटॉपचं झाकण मिटवलं.

‘म्हणजे टॉवर येणारच नव्हता.’

‘नाही, मास्तर. चूक माझी आहे.’

पाच वाजून गेले होते. मला त्यांना घाई करायचा अनावर मोह होत होता. पोरीची कंपनी, सहा मुलं, वीस पगार, सगळं जिभेवर होतं. बायकोने हातानेच गप्प बसवलं. मग त्यांना म्हणाली, ‘भाऊ, तुम्हाला खोटं सांगून घेतलेले पैसे आम्हाला नकोत. परत हवे असतील तर आत्ता चेक देते. ठेवायचे असतील तर माझ्याकडे तुमचा हिस्सा लिहिलेला राहील. दोन्ही बाबतींत सही मात्र लागेल, आणि सहाच्या आत लागेल, कारण एका पोरीचं काम अडलंय. करायची की नाही ते तुम्ही ठरवा.’

मास्तर खाली शाळेच्या पत्र्यांकडे बघत बसले. मैदानात मुलं कबड्डी खेळत होती, ओरडणं वरपर्यंत येत होतं.

‘पैसे परत द्या, ताई,’ ते म्हणाले. ‘माझी बहीण नर्सिंगला आहे. कागद आणा.’

बायकोने खडकावर बसून चेक लिहिला, त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. फोटो काढला. माझ्या फोनला रेंजची एक दांडी होती, तीही येत-जात होती. मास्तरांनी मला दंडाला धरून पळसाच्या बुंध्याजवळ नेलं, माझा हात वर करून थोडा डावीकडे वळवला आणि म्हणाले, ‘आता हलू नका.’ त्यांना ती जागा रोजची पाठ होती. मी पुतळ्यासारखा उभा. पाच बेचाळीसला फोटो गेला.

मग वाट बघणं. सव्वासहाला बायकोचा फोन वाजला. मुलगी रडत होती की हसत होती ते नीट कळेना. ‘काकू, सगळे कागद चालले. उद्या सकाळी सह्या आहेत. पगार थांबणार नाहीत.’ मग मागून बऱ्याच पोरांचा एकदम आवाज आला आणि रेंज गेली.

मास्तरांनी तो आवाज ऐकला होता. लॅपटॉप पिशवीत घालत त्यांनी सहज विचारलं, ‘काका, तुमच्या एवढ्या ओळखी आहेत. टॉवरवाल्या कंपनीत कुणी आहे का हो?’

आमच्या व्याह्यांच्या शेजाऱ्याचा जावई खरोखर अशाच एका कंपनीत आहे. काय करतो ते ठाऊक नाही, पण आहे. मी घसा साफ केला. आवाज आपोआप खाली आला. ‘मास्तर, फक्त तुम्हाला...’

बायको चपलेतला खडा काढत होती. तिने नुसतं वर पाहिलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘माहीत नाही. चौकशी करतो, आणि काही कळलं तर लिहून पाठवतो.’

‘मी पाठवीन,’ ती म्हणाली, आणि मास्तरांचा पत्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेतला.